मन खचले तर सुरुवात कोठून करावी?

ताप आला की आपण दवाखान्यात जातो. साखर वाढली की गोड कमी करतो. मन खचलेल्या माणसाला मात्र ‘जास्त विचार करू नकोस’ एवढे सांगून मोकळे होतो. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण विचार असे सांगून थांबत नाहीत. आपल्या हातात असतो तो रोजचा दिनक्रम. म्हणून या वेळी आम्ही त्याबद्दल लिहीत आहोत.

उठण्याची वेळ ठरवा

झोप ठरवून येत नाही, उठणे मात्र ठरवता येते. रात्री उशिरा झोप लागली तरी सकाळी ठरल्या वेळी उठावे आणि थोडा वेळ उजेडात जावे. सकाळच्या उजेडाने शरीराचे घड्याळ जागेवर येते आणि पुढच्या रात्री झोप वेळेवर येऊ लागते. प्रौढ माणसाला किमान 7 तास झोप हवी. चहातील निम्मे कॅफिन उतरायलाच साधारण 5 तास लागतात. त्यामुळे संध्याकाळनंतरचा चहा टाळावा. रातपाळी करणाऱ्यांनी दिवसा खोलीत अंधार करून सलग झोप घ्यावी. त्या वेळी टीव्हीचा आवाज कमी ठेवणे हे घरच्यांचे काम.

उत्साह मागून येतो

‘बरे वाटले की करीन’ असे आपण म्हणतो. उदास मनाला आपणहून बरे वाटण्याची वाट पाहिली तर दिवस अंथरुणातच जातो. त्याऐवजी मन नसतानाही एक छोटे काम करावे: आंघोळ, भांडी घासणे, कोपऱ्यापर्यंत फेरी. आधी कृती होते, उत्साह हळूहळू मागून येतो. मानसोपचारात ही पद्धत मुद्दाम वापरली जाते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटे व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा तास भरभर चालणे. सुरुवात 10 मिनिटांनी केली तरी चालेल.

दारूने झोप लागते, टिकत नाही

‘टेन्शन जाते म्हणून घेतो’ हे वाक्य आपल्या वस्त्यांना नवे नाही. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी बेचैनी वाढते. ती घालवायला पुन्हा दारू लागते. पंचशीलातील पाचवे शील आपण म्हणतोच, शरीरशास्त्रही त्याच बाजूचे आहे. मात्र रोज जास्त पिणाऱ्याने एकदम बंद करू नये. हात थरथरणे, फिट येणे असे धोके असतात. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

सगळे आपल्या हातात नसते

वसतिगृहात, कार्यालयात आडनाव विचारून वागणूक बदलत असेल, तर चालण्याने तो अपमान पुसला जात नाही. त्या त्रासाला स्वतःचा कमकुवतपणा समजू नका. घडले ते तारखेसह लिहून ठेवा, विश्वासातल्या माणसाला सांगा आणि एकटे पडू नका. विहारातील वाचनालय, महिला मंडळ, जुने मित्र, कोठेही आठवड्यातून एकदा तरी माणसांत बसा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज उदास वाटत असेल, कशातच रस उरला नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर थांबू नका. थायरॉईड, रक्तक्षय, बी-12ची कमतरता यांमुळेही असाच थकवा येतो, तोही तपासून घ्यावा. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. त्या मनाने बंद करू नयेत.

2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे, आणि त्यात जातीवरून भेदभाव करण्यास मनाई आहे. केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत असून दिवसरात्र चालू असतो. तेथे मराठीत बोलता येते.

जगणे नको असे कोणी म्हणाले तर ते थट्टेवारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका, तेव्हाच हा क्रमांक लावा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या.

बाकीच्यांनी या आठवड्यात एकच बदल निवडावा. शक्य तर घरातल्या दुसऱ्या कोणाला सोबत घ्यावे, म्हणजे तो टिकतो.