‘प्रायव्हेट’ कितपत खासगी?

रामटेकच्या गडावर मंदिरापर्यंत पोहोचायचे तर एकामागून एक दरवाजे ओलांडावे लागतात. जावा भाषेतील ‘क्लास’ची रचना काहीशी अशीच. ‘पब्लिक’ घटक सर्वांना खुले, तर ‘प्रायव्हेट’ घटकांना क्लासबाहेरून हात लावता येत नाही. हीच आज्ञावली जावास्क्रिप्टमध्ये रूपांतरित केली, की या दरवाजांचे काय होते?

१९९५ साली जन्मलेल्या जावास्क्रिप्टमध्ये अशी खासगी दालने मुळात नव्हतीच. त्यामुळे गूगलचे वेब टूलकिट (२००६) आणि मायक्रोसॉफ्टची टाइपस्क्रिप्ट (२०१२) यांनी ‘प्रायव्हेट’ची तपासणी रूपांतराच्या वेळीच उरकून घेतली. नियम मोडल्यास तेथेच चूक दाखविली जाते. तयार झालेल्या आज्ञावलीत मात्र तो शब्द उरत नाही. ‘प्रायव्हेट’ म्हणून राखलेली खात्यातील शिल्लक मग पृष्ठावरील अन्य आज्ञावलीही बदलू शकते.

खरी गोची होते ती वारशात. जावामध्ये मूळ क्लास आणि उपक्लास या दोघांनाही ‘शिल्लक’ नावाचा स्वतंत्र प्रायव्हेट घटक ठेवता येतो. जावास्क्रिप्टच्या ऑब्जेक्टमध्ये एका नावाला एकच जागा! दुसरी शिल्लक पहिलीवर लिहिली जाते आणि हिशेब बिघडतो, तोही कोणतीही सूचना न देता. म्हणून जावाच्या रूपांतरकाला अशा घटकांना निरनिराळी नावे द्यावी लागतात. टाइपस्क्रिप्ट अशी दुहेरी नावे सरळ नाकारते.

२०२२ च्या प्रमाणकात नावाआधी ‘हॅश’ चिन्ह लावण्याची सोय आली आणि हे कुलूप भाषेच्याच अंगी आले. तथापि पासवर्ड तेथे ठेवू नये. ब्राउझरच्या डिबगरमध्ये हे घटकही दिसतात.