'फायर' ते 'साबर बोंडं': क्विअर सिनेमा मोठ्या पडद्यावर कसा पोहोचला?

जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेतल्या संडान्स महोत्सवात जागतिक चित्रपट विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक एका मराठी चित्रपटाला मिळालं. त्याचं नाव 'साबर बोंडं'. वडिलांच्या निधनानंतर मुंबईहून गावी आलेला आनंद आणि त्याचा शेतकरी बालमित्र बाळ्या यांच्या प्रेमाची ही गोष्ट. इथपर्यंतचा प्रवास मात्र सोपा नव्हता.

'क्विअर' म्हणजे कोण?

गे, लेस्बियन, बायसेक्शुअल, ट्रान्सजेंडर अशा सगळ्यांसाठी हा शब्द वापरतात. अनेक वर्षं हिंदी-मराठी सिनेमात अशी पात्रं हशा मिळवण्यापुरतीच असायची. त्यांना माणूस म्हणून समजून घेणारा सिनेमा म्हणजे क्विअर सिनेमा.

सुरुवात कशी झाली?

दीपा मेहतांचा 'फायर' 1998 मध्ये भारतात प्रदर्शित झाला. एकाच घरातल्या दोन जावांमधलं प्रेम त्यात होतं. सेन्सॉरने तो संमत केला होता, तरी मुंबईत शिवसैनिकांनी चित्रपटगृहांत तोडफोड केली.

पुढे ओनीर यांनी 'माय ब्रदर निखिल' (2005) मध्ये एचआयव्हीची लागण झालेल्या गोव्यातल्या जलतरणपटूची गोष्ट सांगितली. त्यांच्या 'आय ॲम'साठी तर शेकडो लोकांनी सोशल मीडियावरून पैसे उभे केले. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मोठे निर्माते कधी आले?

6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नसल्याचा निकाल दिला. त्यानंतर 'एक लडकी को देखा तो ऐसा लगा' (2019), 'शुभ मंगल ज्यादा सावधान' (2020), 'बधाई दो' (2022) असे बड्या कलाकारांचे चित्रपट आले.

या तिन्ही चित्रपटांत मुख्य प्रश्न जवळपास एकच आहे: घरचे स्वीकारतील का? सहकुटुंब बघणाऱ्या प्रेक्षकाला ही गोष्ट ओळखीची वाटते. पण त्यामुळे त्या दोघांच्या नात्यापेक्षा घरच्यांच्या धक्क्यालाच जास्त जागा मिळते.

मग 'साबर बोंडं' वेगळा कुठे?

स्वतः गे असलेल्या रोहन कानवडे यांनी वडिलांच्या निधनानंतरच्या स्वतःच्या अनुभवातून तो लिहिला. इथे आनंदच्या आईला सगळं आधीपासून माहीत आहे. त्यामुळे 'घरी कळेल का' हा ताण बाजूला राहतो. उरतात ते सुतकाचे दहा दिवस, लग्नाचा विषय काढणारे नातेवाईक आणि हळूहळू पुन्हा जुळत जाणारं नातं. पार्श्वसंगीतही नाही.

याने काय बदलतं?

कायद्याने समलिंगी विवाहाला अजून मान्यता नाही. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय संसदेवर सोडला. पण 'हे सगळं शहरातलं, परदेशातलं फॅड' असं ऐकत खेड्यात वाढलेल्या मुलाला आपल्यासारखा कुणी आपल्याच बोलीत बोलताना दिसणं, ही गोष्ट त्याच्यासाठी लहान नाही.