दोघांची वाट, तीन राष्ट्रीय उद्याने

जॉन म्यूर ट्रेलवर तीन आठवडे पाठीवर बिऱ्हाड घेऊन चालताना पती-पत्नींना काय सांभाळावे लागते?

कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतराजीतून जाणारी जॉन म्यूर ट्रेल ही पायवाट सुमारे ३४० किलोमीटर लांबीची आहे. योसेमिटी, किंग्ज कॅनियन आणि सिकोया या तीन राष्ट्रीय उद्यानांना ती जोडते. योसेमिटी दरीतील हॅपी आइल्स येथे सुमारे १,२३० मीटर उंचीवर तिचा प्रारंभ होतो, तर ४,४२१ मीटर उंचीच्या माउंट व्हिटनी शिखरावर ती संपते. शिखरावरून मोटाररस्ता गाठण्यासाठी आणखी सुमारे १७ किलोमीटर उतरावे लागते. निसर्गसंरक्षक जॉन म्यूर यांच्या निधनानंतर, १९१५ साली, तिच्या बांधणीस सुरुवात झाली आणि १९३८ साली ती पूर्ण झाली.

ही संपूर्ण वाट चालण्यास साधारणतः तीन आठवडे लागतात. नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात स्थिरावलेल्या अनेक मराठी जोडप्यांना सह्याद्रीतील दुर्गभ्रमंतीची सवय असते. तथापि पायथ्याच्या गावातील पिठलं-भाकरी आणि मुक्कामाला गडावरचे देऊळ, ही सोय येथे नाही. तंबू, अन्न आणि उबदार कपडे सारे पाठीवर वाहावे लागते. मोबाइल फोन बहुतेक ठिकाणी निरुपयोगी ठरतो.

परवाना आणि मोसम

वनात मुक्काम करण्यासाठी परवाना अनिवार्य आहे. प्रत्येक प्रारंभस्थानावरून रोज किती जणांना सोडायचे, याची मर्यादा ठरलेली असते. उन्हाळ्यात मागणी मोठी असल्याने कित्येक महिने आधीच अर्ज करावा लागतो. दोघांसाठी एकच परवाना पुरतो. जुलै ते सप्टेंबर हा सोयीचा काळ होय. त्याआधी खिंडींत बर्फ असतो आणि वितळत्या बर्फाने ओढे फुगलेले असतात.

अस्वल आणि अन्नाचे गणित

या जंगलात काळी अस्वले आहेत. माणसाच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल धीट बनते आणि अखेरीस त्याला ठार मारण्याची वेळ येते. त्यामुळे योसेमिटीच्या वनक्षेत्रात आणि पुढील उद्यानांतील अनेक भागांत अन्न अस्वलाला न उघडता येणाऱ्या कठीण डब्यात ठेवणे बंधनकारक आहे. टूथपेस्ट, साबण अशा वासाच्या वस्तूही त्यातच ठेवायच्या असतात. रात्री हा डबा तंबूपासून दूर ठेवला जातो.

मोठ्या डब्यातही एका व्यक्तीचे जेमतेम आठवडाभराचे अन्न मावते. वाटेच्या मध्यावर असलेल्या म्यूर ट्रेल रँच येथे आधी पाठवलेली शिधासामग्री मिळू शकते. मात्र त्यापुढचा टप्पा आठ ते दहा दिवसांचा आहे. रोज माणशी ७०० ग्रॅम धरले, तरी दहा दिवसांसाठी दोघांचे अन्न १४ किलो होते. म्हणून अनेक जण किअरसार्ज खिंडीतून बाहेर पडून शिधा भरतात आणि पुन्हा वाटेवर परततात.

स्वयंपाकाचाही विचार हवा. तीन हजार मीटर उंचीवर पाणी सुमारे ९० अंश सेल्सिअसलाच उकळते. तेथे कुकरशिवाय डाळ शिजवणे म्हणजे इंधन वाया घालवणे. आधी शिजवून वाळवलेले पदार्थ, पोहे, सुका मेवा हेच उपयोगी पडतात. शेकोटीलाही उंचीनुसार बंदी असते. योसेमिटीत ९,६०० फुटांच्या वर ती पेटवता येत नाही. ओढ्याचे पाणी गाळून वा उकळूनच प्यावे लागते.

ओझे वाटावे, पण किती?

तंबू आणि स्टोव्ह दोघांत एकच लागत असल्याने ओझे कमी होते, हा जोडीने जाण्याचा मोठा लाभ. धोकाही त्यातच दडलेला असतो. एक झपाझप पुढे जातो, दुसरा मागे राहतो. फाट्यावर चुकामूक झाली तर एकाकडे तंबू आणि दुसऱ्याकडे सारे अन्न, अशी अवस्था होते. म्हणून उबदार कपडे, पावसाळी अंगरखा, नकाशा, विजेरी आणि एका दिवसाचे अन्न प्रत्येकाच्या पाठीवर असलेच पाहिजे. प्रत्येक फाट्यावर, ओढ्यावर आणि खिंडीत थांबून मागच्याची वाट पाहावी. चालीचा वेग हळू चालणाऱ्याने ठरवावा.

ओढ्यांबाबत हा नियम जिवाशी निगडित आहे. मोठ्या हिमवृष्टीनंतरच्या २०१७ च्या उन्हाळ्यात किंग्ज कॅनियन परिसरात दोन महिला पदयात्रींचा बुडून मृत्यू झाला होता. दिवसभराच्या उन्हाने बर्फ वितळून दुपारनंतर पाणी चढते. सकाळी ते तुलनेने कमी असते. ओलांडण्यापूर्वी पाठपिशवीचा कमरपट्टा सोडून ठेवावा, म्हणजे पाय घसरल्यास ओझे टाकून देता येते.

परतण्याचा निर्णय

सुमारे २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. डोकेदुखी, मळमळ आणि थकवा ही त्याची पहिली लक्षणे. चालताना तोल जाणे, बोलण्यात असंबद्धता येणे किंवा विश्रांती घेतानाही धाप लागणे ही गंभीर लक्षणे असून त्यावर विनाविलंब खाली उतरणे हाच मुख्य उपाय आहे. आजारी व्यक्तीला स्वतःची अवस्था अनेकदा उमगत नाही. ती सोबत्यालाच ओळखावी लागते. उत्तरेकडून निघाल्यास उंची हळूहळू वाढते आणि शरीराला सवय होते. ४,००९ मीटरची फॉरेस्टर खिंड शेवटच्या टप्प्यात येते. दुपारी वादळी ढग जमून विजा पडत असल्याने खिंडी सकाळीच ओलांडाव्यात.

परवाना मिळवण्यासाठी केलेला खटाटोप, साठवलेली रजा आणि जोडीदाराचा हिरमोड यांमुळे ‘परत फिरू या’ हे शब्द तोंडातून निघत नाहीत. म्हणून निघण्यापूर्वी घरीच एक ठरवून घ्यावे : दोघांपैकी एकानेही परतण्याचे म्हटले, तर वाद न घालता परतायचे. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे उपकरण सोबत असावे आणि रोजच्या मुक्कामाची यादी घरच्यांकडे द्यावी. वाट पुढच्या वर्षीही तेथेच असणार आहे.