शिडाच्या बोटीचं वायरिंग: ९,००० रुपयांच्या कामाने शिकवलेला धडा

मागच्या व्हिडिओत मी एक वाक्य बोलून गेलो होतो, "बोटीच्या कामात मी पहिल्यांदा तोटाच केला." त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, की दादा, नक्की काय झालं ते सांगा. व्हिडिओत एवढं सगळं बसत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. तुम्ही इलेक्ट्रिकल, मोबाइल रिपेअरिंग किंवा सोलरचं काम करत असाल आणि किनाऱ्याजवळ राहत असाल, तर शेवटपर्यंत वाचा.

काम कसं मिळालं

माझं अलिबागला इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान. एक काका नेहमी येतात, रिटायर्ड माणूस. मांडव्याला त्यांची शिडाची बोट नांगरलेली असते. एक दिवस म्हणाले, "अरे, सुकाणूच्या चाकापाशी प्लॉटर आणि व्हीएचएफ रेडिओ बसवायचाय. मुंबईचा माणूस तारीख देत नाही. तू करशील का?"

मी लगेच हो म्हणालो. मनात म्हटलं, १२ व्होल्टचं तर काम आहे, इन्व्हर्टरची बॅटरी रोज जोडतो आपण. बोट न बघताच ९,००० रुपये मजुरी सांगितली. मशीन काकांनी आणलेली, वायर आणि बारीकसारीक सामान माझ्या दुकानातलं. दोन दिवसांत काम झालं. स्क्रीन चालू, रेडिओ चालू, काका खूश, पैसे जमा.

आणि मग तो फोन

तीन आठवड्यांनी काका रेवदंड्याहून मांडव्याला परत येत होते. सोबत काकू आणि नातू. संध्याकाळ झाली, वारा पडला. घरी उशीर होणार हे ओळखीच्या बोटीला कळवावं म्हणून त्यांनी रेडिओचं बटण दाबलं आणि प्लॉटरची स्क्रीन काळी! बटण सोडलं की मशीन परत सुरू व्हायचं, बोलायला गेलं की परत बंद. शेवटी काकांनी प्लॉटरचा नाद सोडला आणि होकायंत्रावर बोट हाकायला लागले.

थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं, की खांदेरीच्या दीपगृहाचा दिवा उजव्या हाताला दिसायला हवा, तो जवळजवळ समोर दिसतोय. म्हणजे होकायंत्र चुकीची दिशा दाखवत होतं. काकांचा अनुभव दांडगा, त्यांनी यंत्रापेक्षा दिव्यावर विश्वास ठेवला आणि सुखरूप आले. दुसऱ्या दिवशी फोनवर आवाज न चढवता एवढंच म्हणाले, "नातू बरोबर होता रे."

मित्रांनो, शिवी दिली असती तर परवडलं असतं.

माझ्या चुका कुठे होत्या

पहिली चूक, वायरची जाडी. बॅटरीपासून चाकापर्यंत ८ मीटर. करंट जातो आणि परत येतो, म्हणजे हिशोब १६ मीटरचा. मी घरगुती १.५ स्क्वेअर मिलिमीटरची एकच जोडी टाकून दोन्ही मशीन त्यावर जोडली होती. २५ वॉटचा व्हीएचएफ बोलताना साधारण ५ ते ६ अँपिअर खेचतो. त्या वायरचा रेझिस्टन्स १६ मीटरला साधारण ०.२१ ओहम. ६ अँपिअर गुणिले ०.२१, म्हणजे जवळपास १.३ व्होल्ट वाटेतच गेले! वर प्लॉटरचा करंट, वर गंजलेले जॉइंट. इंजिन बंद, बॅटरी आधीच १२ व्होल्टच्या आसपास. प्लॉटरपाशी पोचेपर्यंत काय उरणार? धक्क्यावर टेस्ट करताना इंजिन चालू होतं, त्यामुळे व्होल्टेज जास्त होतं आणि दोष झाकला गेला.

दुसरी चूक, स्पीकर. रेडिओचा आवाज वाऱ्यात नीट ऐकू यावा म्हणून मी हौसेने एक जादा स्पीकर चाकाजवळ लावला, होकायंत्रापासून वीतभर अंतरावर. स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं हे आपण शाळेत शिकलो. शिकलो, पण तिथे आठवलं नाही.

तिसरी चूक लोकांना दिसली नाही, पण सगळ्यात भयंकर तीच होती. चाकाखालच्या पोकळ खांबातून मी वायर वर नेली होती. त्याच खांबात सुकाणूची साखळी आणि केबल फिरतात. एखादी वायर त्यात अडकली असती, तर चाकच जाम झालं असतं. खोलून बघितलं तेव्हा वायरचं वरचं आवरण एका जागी घासलेलं होतं. ते बघून मी दहा मिनिटं नुसता बसून होतो.

दुसऱ्यांदा काम कसं केलं

काकांना सांगितलं, सगळं काढून नवीन करतो, एक रुपया नको. तेव्हापासून आमच्या दुकानात हीच पद्धत आहे:

१. आधी लोडची यादी. कुठलं मशीन किती अँपिअर घेतं, ते मॅन्युअलमधून लिहून काढायचं.

२. मग वायर. अमेरिकेतल्या एबीवायसी या संस्थेचं बोटींसाठीचं मानक आहे, त्यात महत्त्वाच्या उपकरणांसाठी व्होल्टेजची घट ३ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलंय. १२ व्होल्टवर ती होते ०.३६ व्होल्ट. रेडिओसाठी ६ स्क्वेअरची वायर घेतली, घट साधारण ०.३२ आली. प्लॉटरची लाइन वेगळी, दोघांना वेगवेगळे फ्यूज. मुख्य फ्यूज बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ, कारण फ्यूजच्या अलीकडच्या वायरला संरक्षण नसतं.

३. वायर कल्हईवाली. तांब्याच्या भांड्याला कल्हई करतात ना, तशी बारीक तारांवर कथलाची कल्हई असलेली टिन्ड वायर मिळते. खाऱ्या हवेत साधं तांबं काळं-हिरवं पडतं. जॉइंट पिळून टेप लावायचा नाही. रॅचेट क्रिम्परने टर्मिनल दाबायचं आणि वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक.

४. रस्ता बदलला. चाकासमोर स्टीलच्या पाइपची कमान असते, तिच्या पोकळ पाइपमधून वायर वर नेली. भोकाच्या कडा घासून रबरी ग्रोमेट बसवले. डेकवरच्या भोकात आधी इपॉक्सी, मग मरीन सीलंट. वायर आत शिरण्याआधी खाली एक झोल ठेवला, म्हणजे पाणी तिथूनच टपकतं, आत जात नाही.

५. स्पीकर काढून केबिनच्या दाराशी लावला. प्रत्येक मशीनच्या मॅन्युअलमध्ये होकायंत्रापासून किती अंतर ठेवायचं ते दिलेलं असतं. जवळून जाणारी प्लस-मायनसची जोडी पीळ देऊन नेली, म्हणजे दोघींची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना मारतात. नंतर एकेक मशीन चालू-बंद करून होकायंत्राचा काटा हलतो का ते बघितलं.

६. खोली आणि वाऱ्याचे सेन्सर प्लॉटरला एनएमईए २००० केबलने जोडले. या लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा टर्मिनेटर लागतो. पॉवर बंद करून दोन डेटा वायरींमध्ये मीटर लावायचा. ६० ओहमच्या आसपास दिसलं तर ठीक. १२० दिसलं तर एक टर्मिनेटर राहिलाय.

७. शेवटची टेस्ट इंजिन बंद ठेवून. सगळं चालू करायचं, लाइट पंप सकट. मग रेडिओचं बटण दाबून प्लॉटरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजायचं आणि आकडा मालकाला दाखवायचा. ही टेस्ट कामाच्या चॅनलवर करायची, १६ नंबरवर नाही. तो इमर्जन्सी आणि पहिल्या हाकेसाठी असतो.

एक जादा सूचना: रेडिओत एमएमएसआय नंबर मालकाच्या कागदावरून दोनदा वाचून टाका. बऱ्याच रेडिओत तो एकदाच टाकता येतो.

हिशोब

मिळाले ९,०००. दुसऱ्या वेळी वायर-टर्मिनलचे ५,४०० माझ्या खिशातून, दोन दिवस माझे आणि हेल्परचे, वर क्रिम्परची खरेदी. म्हणजे तोटा. पण काकांनी नंतर दोन बोटवाल्यांना माझं नाव सांगितलं. मी विचारलं, "काका, एवढं होऊनही?" म्हणाले, "चूक झाल्यावर तू फोन उचललास."

बीबीएला सर्व्हिस रिकव्हरीवर एक अख्खं प्रकरण होतं. मला ते मांडव्याच्या धक्क्यावर समजलं.

तुमच्यासाठी काय

आपल्याकडे हे काम आहे. गोव्याच्या दिवाडी बेटावर बांधलेल्या म्हादेईतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. शिडाच्या बोटी मोजक्या असल्या, तरी मासेमारीच्या बोटींवर जीपीएस, फिश फाइंडर, व्हीएचएफ असतातच. तांडेलाला तेच हवं, जे काकांना हवं होतं: समुद्रात बंद पडू नये.

- बोट बघितल्याशिवाय भाव सांगू नका. बघायला जायची वेगळी फी घ्या, काम मिळालं तर ती बिलातून वजा करा.
- महागडी मशीन स्टॉक करू नका. मशीन गिऱ्हाइकाचं, मजुरी आणि सामान तुमचं. मार्जिन तिथेच आहे.
- टेस्टिंगचा अर्धा दिवस कोटेशनमध्ये स्वतंत्र ओळीत लिहा. नाहीतर घाईत तोच पहिला कापला जातो.
- प्रत्येक वायरला लेबल, प्रत्येक जॉइंटचा फोटो. एक प्रत मालकाला द्या.
- पावसाळ्यात बोटी वर काढलेल्या असतात. तेव्हाच वार्षिक तपासणीची कामं ठरवा.

आणि शेवटचं. ज्या कामात समोरच्याचा जीव आपल्या जॉइंटवर अवलंबून आहे, तिथे "बघू, जमेल" म्हणून हात घालू नका. आधी शिका, मग हो म्हणा. मी उलटं केलं होतं.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या धंद्यात अशी कुठली टेस्ट आहे, जी तुम्ही सोयीच्या वेळी करता, खऱ्या परिस्थितीत करत नाही? वहीत लिहा आणि उद्या ती करून बघा. काय सापडलं ते मला कळवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!