विश्लेषण : ‘प्लेस्टेशन ६’ खरेच येतोय? अफवांच्या भरवशावर खरेदी थांबवावी का?

नवा ‘प्लेस्टेशन’ २०२७ मध्ये येणार, किंमत अमुक असणार, चित्रही बाहेर आले, असे व्हिडिओ मोबाइलवर रोज फिरत आहेत. दिवाळीचे दूध फरक बिल किंवा उसाचे बिल हातात आले की मुलांचा पहिला हट्ट असतो गेम कन्सोलचा. राधानगरीसारख्या ठिकाणाहून पन्नासेक किलोमीटरवरच्या कोल्हापुरात जाऊन पन्नास हजारांची वस्तू आणायची तर आताच घ्यावी की नव्यासाठी थांबावे, हा प्रश्न साधा नाही. म्हणून या अफवा कुठून येतात, त्या किती खऱ्या ठरतात आणि खऱ्या ठरल्या तरी भारतातल्या ग्राहकाच्या पदरात काय पडते, हे पाहायला हवे.

कंपन्यांनी नेमके काय जाहीर केले आहे?

फारच थोडे. २०२५ संपेपर्यंत सोनीने नव्या कन्सोलचे नाव, किंमत किंवा तारीख यांपैकी काहीही जाहीर केलेले नव्हते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘प्लेस्टेशन ५’चे मुख्य रचनाकार मार्क सर्नी आणि चिप बनवणाऱ्या ‘एएमडी’चे जॅक हुइन यांनी एका व्हिडिओत पुढच्या पिढीच्या ग्राफिक्स तंत्रज्ञानाची माहिती दिली. हे तंत्रज्ञान अजून संगणकीय चाचणीच्या पातळीवर असून काही वर्षांनी येणाऱ्या कन्सोलमध्ये ते वापरण्याची इच्छा आहे, असा सर्नी यांच्या बोलण्याचा आशय होता. मायक्रोसॉफ्टनेही पुढच्या ‘एक्सबॉक्स’साठी ‘एएमडी’सोबत काम करत असल्याचे जून २०२५ मध्ये सांगितले. म्हणजे काम सुरू आहे, एवढेच पक्के. बाकी सगळे अंदाज.

मग २०२७ हे साल कुठून आले?

साध्या गणितातून. ‘प्लेस्टेशन ३’ २००६ मध्ये आला, ‘प्लेस्टेशन ४’ २०१३ मध्ये आणि ‘प्लेस्टेशन ५’ २०२० मध्ये. दर वेळी सात वर्षांचे अंतर. त्यात आणखी सात मिळवले की २०२७ येते. अंदाज म्हणून हे ठीक आहे, पण ते काही वेळापत्रक नव्हे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडून मेमरी चिपची मागणी वाढली असून त्यांच्या किमती चढल्या आहेत. सुटे भाग महाग असताना नवे यंत्र आणायचे की थांबायचे, याचा हिशेब कंपन्याही करतातच.

अफवांचे उगम कोणते?

मुख्यतः चार. एक, चिप आणि सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांच्या साखळीतून झिरपणारी माहिती. दोन, पेटंटचे अर्ज. पण कंपन्या शेकडो कल्पनांचे पेटंट घेतात आणि त्यातल्या बऱ्याच कधीच बाजारात येत नाहीत. तीन, सरकारी प्रमाणपत्रांच्या नोंदी आणि न्यायालयीन कागदपत्रे. चार, केवळ पाहणाऱ्यांची संख्या वाढवण्यासाठी केलेले व्हिडिओ. यातली चित्रे बहुतेकदा चाहत्यांनी संगणकावर तयार केलेली असतात.

पावसाळ्यात राधानगरी धरणाचा स्वयंचलित दरवाजा उघडल्याचा व्हिडिओ मोबाइलवर आला, तर तो आजचा की गेल्या वर्षीचा हे त्यावरून कळत नाही. ते ठरते जलसंपदा विभागाने दिलेल्या पाणीपातळीच्या आणि विसर्गाच्या आकड्यावरून. कन्सोलच्या बाबतीतही व्हिडिओपेक्षा नोंद महत्त्वाची.

पूर्वीच्या अफवा किती खऱ्या ठरल्या?

तीन उदाहरणे पुरेशी आहेत. २०२१ मध्ये निन्टेंडोच्या नव्या ‘स्विच’ला ओएलईडी पडदा आणि टीव्हीवर ‘फोर-के’ चित्र मिळणार, अशी बातमी आली. त्याच वर्षी यंत्र आले. पडदा ओएलईडी होता, ‘फोर-के’ मात्र नव्हते. बातमी अर्धीच खरी ठरली.

दुसरे उदाहरण मायक्रोसॉफ्टचे. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील एका खटल्यात कंपनीची अंतर्गत कागदपत्रे चुकून उघड झाली. त्यात २०२४ साठी नळकांड्याच्या आकाराचा, डिस्क नसलेला ‘एक्सबॉक्स’ आणि पुढच्या पिढीसाठी २०२८ हे साल दिसत होते. कागद अस्सल होते. तरीही तो नळकांडी ‘एक्सबॉक्स’ आलाच नाही. दरम्यान योजनांमध्ये बरेच बदल झाले आहेत, असे तेव्हाचे ‘एक्सबॉक्स’प्रमुख फिल स्पेन्सर यांनी स्पष्ट केले होते. कागद खरा असला तरी त्यातला बेत पुरा होतोच असे नाही.

तिसरे उदाहरण ‘प्लेस्टेशन ५ प्रो’चे. त्याची बरीचशी तांत्रिक माहिती आधीच फुटली होती आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये यंत्र खरोखर बाजारात आले. फक्त भारतात नाही.

भारतात ‘प्रो’ का आला नाही?

कारण वाय-फायचे होते. ‘प्रो’मध्ये ‘वाय-फाय ७’ आहे आणि ते ६ गिगाहर्ट्‌झची लहरपट्टी वापरते. या पट्टीत विनापरवाना वाय-फायला तेव्हा भारतात मुभा नव्हती, म्हणून हे यंत्र भारतात मिळणार नाही, असे सोनीने सांगितले. या पट्टीचा खालचा भाग खुला करण्याच्या नियमांचा मसुदा दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये काढला. ‘प्लेस्टेशन ५’लाही भारतात उशीर झाला होता. जगात तो नोव्हेंबर २०२० मध्ये आला, तर भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी. ‘एक्सबॉक्स सीरिज एक्स’ मात्र जगाबरोबरच १० नोव्हेंबर २०२० रोजी भारतात आला. निन्टेंडोची तर भारतात अधिकृत विक्रीव्यवस्थाच नाही. ‘स्विच’ इथे दिसतो तो बाहेरून आणलेला.

त्यामुळे अफवा ऐकताना ‘कधी येणार?’ याआधी ‘भारतात येणार का?’ हे विचारावे. व्हिडिओ गेम यंत्रांना भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागते आणि वायरलेस भागासाठी दूरसंचार विभागाची मंजुरी. या नोंदी दिसू लागल्या की आगमन जवळ आले असे मानायला काही आधार मिळतो.

थांबले तर जुना कन्सोल स्वस्त होईल?

पूर्वी तसे होत असे. या पिढीत उलटे घडले. ‘प्लेस्टेशन ५’ भारतात ४९,९९० रुपयांना आला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याची किंमत ५४,९९० रुपये झाली. अमेरिकेतही ऑगस्ट २०२५ मध्ये त्याची किंमत ५० डॉलरने वाढली. अधूनमधून सवलतीच्या योजना येतात, पण ‘जुने झाले की पडेल’ हा हिशेब आता खात्रीचा राहिलेला नाही.

शिवाय नवे यंत्र आले म्हणून जुने लगेच निकामी होत नाही. ‘प्लेस्टेशन ५’ बाजारात येऊन दोन वर्षे झाल्यावर, नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेला ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक’ हा मोठा गेम ‘प्लेस्टेशन ४’वरही चालत होता. नवा कन्सोल पहिल्या दिवशी मिळेल याचीही खात्री नसते. जानेवारी २०२१ मध्ये भारतातली पूर्वनोंदणी काही मिनिटांत संपली होती.

खरेदीआधी काय तपासावे?

पहिले, इंटरनेट. आजचे मोठे गेम १०० जीबीपर्यंत जातात. रोज २ जीबी देणाऱ्या मोबाइल प्लॅनवर असा एक गेम उतरवायला ५० दिवस लागतील. घरात फायबर जोडणी नसेल तर डिस्क चालणारे मॉडेल घेणे शहाणपणाचे. डिस्क नंतर विकताही येते. दुसरे, बिल. बाहेरून आणलेल्या यंत्रावर भारतातील वॉरंटी मिळेलच असे नाही, त्यामुळे दुकानदाराकडून पक्के जीएसटी बिल आणि वॉरंटीची लेखी हमी घ्यावी.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, आगाऊ पैसे. कंपनीने किंमत जाहीर केलेली नाही, तोवर ‘प्लेस्टेशन ६’चे बुकिंग कोणी घेऊच शकत नाही. अशी लिंक किंवा क्यूआर कोड आला तर पैसे पाठवू नयेत. कोणाचे पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करावी. जितक्या लवकर फोन जाईल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

थोडक्यात निर्णय काय?

घरात कन्सोल नाही, खेळायचे गेम ठरलेले आहेत आणि पैसे हाताशी आहेत, तर केवळ अफवेसाठी थांबण्यात अर्थ नाही. ‘प्लेस्टेशन ५’ आधीच असेल, तर नव्याची अधिकृत घोषणा आणि भारतातली किंमत कळेपर्यंत तो विकण्याची घाई करू नये. आणि कर्ज काढून किंवा हप्त्यावर घ्यायचा विचार असेल, तर मात्र थांबलेले बरे. त्यात नुकसान काहीच नाही.