आट्यांचे गणित : किर्लोस्करवाडी ते मांजरी

पुण्याहून दौंडकडे निघालेली लोकल हडपसर सोडते आणि मांजरी बुद्रुकला थांबते. द्राक्ष संशोधन केंद्र आणि वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट यांमुळे शेतकऱ्यांना हे गाव ठाऊक आहे. २०२१ साली ते पुणे महापालिकेत आले. गावाच्या पश्चिमेला मात्र लोखंडाचा मुलूख आहे. हडपसरला १९५८ साली स्थापन झालेली किर्लोस्कर न्यूमॅटिक, मुंढव्याला भारत फोर्ज आणि मोठ्या कारखान्यांच्या आधाराने वाढलेली जॉबवर्कची वर्कशॉप्स. इथे बनणारा कॉम्प्रेसर असो की इंजिनाचा भाग, त्याची घट्ट पकड अखेर आट्यांवर अवलंबून असते.

आटे पाडण्याचे मर्म एकच : हत्याराचे फिरणे आणि पुढे सरकणे यांचा मेळ. एका फेऱ्यात हत्यार नेमके एक पिच, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधले अंतर, सरकले पाहिजे. १८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले यांनी लीड स्क्रू आणि बदलती गिअर्स वापरून हा मेळ लेथमध्ये कायमचा बसवला. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी ५५ अंशांच्या आट्याचे प्रमाण मांडले. अमेरिकेत १८६४ मध्ये विल्यम सेलर्स यांनी ६० अंश सुचवले आणि आजच्या मेट्रिक आट्याचा कोनही तोच आहे. १९४७ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटना उभी राहिली, तेव्हा तिच्या पहिल्या क्रमांकाच्या तांत्रिक समितीकडे विषय होता स्क्रूच्या आट्यांचाच.

ही विद्या मराठी माणसाने लवकर हाती घेतली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवून लोखंडी नांगर बनवले. १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर उभी राहिली आणि तिथले लेथ देशभरच्या वर्कशॉपमध्ये पोहोचले. त्या लेथवर आटे पाडणारा कामगार गिअरचा तक्ता वाचून पिच ठरवत असे. मेळ डोळ्यांना दिसत होता, हाताला कळत होता.

१९५२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीमध्ये छिद्रांच्या कागदी फितीवर चालणारे मिलिंग मशीन दाखवण्यात आले. पुढे फितीची जागा संगणकाने घेतली आणि गिअरचे काम आकड्यांकडे गेले. आजच्या व्हीएमसीवर (व्हर्टिकल मशीनिंग सेंटरवर) टॅपिंग करताना, म्हणजे टॅप या हत्याराने भोकात आटे पाडताना, स्पिंडलचा एन्कोडर प्रत्येक फेरा मोजतो आणि झेड अक्ष त्याच्या तालावर उतरतो. एम १० चा पिच १.५ मिलिमीटर. स्पिंडल मिनिटाला ५०० फेरे घेत असेल, तर फीड, म्हणजे पुढे सरकण्याचा वेग, मिनिटाला ७५० मिलिमीटर असलाच पाहिजे. ताल चुकला की आटे खराब होतात किंवा टॅप तुटतो. आटे बहुधा शेवटच्या टप्प्यात पाडतात, त्यामुळे महागड्या कास्टिंगमध्ये अडकलेला टॅप आधीच्या सगळ्या तासांची मेहनत धोक्यात आणतो.

थ्रेड मिलिंगची वाट वेगळी आहे. इथे कटर भोकापेक्षा लहान असतो. तो स्वतःभोवती फिरतो आणि चक्री जिना चढावा तसा गोल जात जात वर येतो. एका वर्तुळात झेड एक पिच सरकतो, म्हणून पिच ठरतो अक्षांच्या चालीने, आणि स्पिंडलकडे उरते ते फक्त कापण्याचे काम. उजव्या आट्यासाठी आतून काम करताना कटर सहसा तळाशी उतरून जी ०३ ने, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेच्या चालीने, वर काढतात. धातूचा चुरा बारीक निघतो. कटर भोकापेक्षा लहान असल्याने तुटला तरी सहसा अडकत नाही, आणि त्रिज्येचा ऑफसेट थोडा बदलून आटा गेजला नेमका बसवता येतो. एकच कटर समान पिचच्या वेगवेगळ्या व्यासांनाही चालतो. लहान भोकांच्या ढीगभर कामात मात्र टॅपच वेगवान ठरतो.

खरी परीक्षा फीडची आहे. एम २० चा, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा, आटा १४ मिलिमीटरच्या कटरने पाडायचा, तर कटरचे केंद्र अवघ्या ६ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात फिरते. दातांना ३०० चा फीड हवा असेल, तर केंद्राला ३०० गुणिले ६ भागिले २०, म्हणजे ९० द्यावा लागतो. प्रोग्रॅममध्ये सरळ ३०० लिहिले आणि कंट्रोलरने तो केंद्राचा फीड मानला, तर दात १००० च्या वेगाने धातूत घुसतात. कटर मोडतो आणि दोष मशीनवर जातो.

नवे मशीन घेणे सोपे, पण ते का चालते हे शिकवायला वेळ द्यावा लागतो. हे गणित सातवी-आठवीच्या मुलालाही जमेल इतके साधे आहे, तरी तयार प्रोग्रॅम उतरवून हिरवे बटण दाबण्यापुरतेच प्रशिक्षण मिळाले, तर ते ऑपरेटरपर्यंत पोहोचत नाही. आयटीआयच्या निदेशकांना आणि वर्कशॉपच्या मालकांना म्हणून कळकळीची विनंती आहे : नव्या मुलाला मशीनसमोर उभे करण्याआधी कागद-पेन्सिल द्या, ते ६ मिलिमीटरचे वर्तुळ त्याच्याकडून काढून घ्या आणि ९० हा आकडा त्याचा त्यालाच शोधू द्या.