अवकाशयानाची आज्ञावली : निर्मितीच्या पद्धतीची पारख

४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गियानामध्ये, कुरू येथील तळावरून 'एरियन-५' या युरोपीय प्रक्षेपकाचे पहिले उड्डाण झाले. उड्डाणक्रम सुरू होऊन सुमारे ४० सेकंद होतात न होतात तोच, ३,७०० मीटर उंचीवर तो मार्ग सोडून वळला, मोडला आणि नष्ट झाला. पृथ्वीच्या चुंबकीय आवरणाच्या अभ्यासासाठी सिद्ध केलेले 'क्लस्टर' मालिकेतील चार उपग्रहही त्यासोबत गेले. एंजिन बिघडले नव्हते की इंधन गळले नव्हते. दोष होता तो संगणकास दिलेल्या आज्ञावलीत, म्हणजेच सॉफ्टवेअरमध्ये.

फ्रेंच गणिती प्राध्यापक झाक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी मंडळाने त्याच वर्षीच्या जुलैत अहवाल दिला. यानाची दिशा व गती मोजणाऱ्या यंत्रणेची आज्ञावली 'एरियन-४' वरून जशीच्या तशी उचलली होती. तीत एक मोठी संख्या १६ अंकस्थानांच्या लहान कप्प्यात भरली जात असे. अशा कप्प्यात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. 'एरियन-५' चा आडवा वेग आरंभी पूर्वीच्या प्रक्षेपकापेक्षा पाचपट झपाट्याने वाढत होता. संख्या कप्प्यात मावली नाही आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणा होती. परंतु तिच्यातही तीच आज्ञावली असल्याने ती ७२ मिलिसेकंद आधीच बंद पडली होती! बंद पडताना यंत्रणेने धाडलेला दोषाचा संदेश मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून स्वीकारला व नळकांडी पूर्णपणे वळविली.

याहून विचार करावयास लावणारी गोष्ट पुढेच आहे. ज्या गणिताने हा घात केला, त्याचा 'एरियन-५' ला उड्डाणानंतर काहीच उपयोग नव्हता. जुन्या प्रक्षेपकाची उलटगणती शेवटच्या क्षणी थांबली तर ती लवकर पुन्हा सुरू करता यावी, एवढ्यासाठी ती सोय होती आणि ती १९८९ साली एकदा उपयोगी पडली होती. ती नव्या यानात का असावी, हे कोणी विचारले नाही. नव्या यानाच्या मार्गाची आकडेवारी या यंत्रणेच्या विनिर्देशात नव्हती, म्हणून चाचणीतही ती आली नाही. तपासण्यांचे अनेक टप्पे पार पडले, पण कोठेही ही उणीव ध्यानात आली नाही. तेव्हा एखाद्या आज्ञावलीकारास दोष देऊन भागण्यासारखे नव्हते. काम करण्याची रीतच तपासणे अगत्याचे होते.

पुढील वर्षांत युरोपीय अवकाश संस्थेने यासाठी 'स्पाइस फॉर स्पेस' ही पद्धती विकसित केली. आज्ञावली-निर्मितीच्या मूल्यमापनाच्या १५५०४ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय मानकावर ती आधारलेली होती; अवकाश क्षेत्रास आवश्यक अशा कार्यांची तीत भर घालण्यात आली. २०१० साली युरोपीय अवकाश मानकांच्या मालेत या विषयावर स्वतंत्र पुस्तिकाही निघाली.

या पद्धतीत तयार आज्ञावली नव्हे, तर ती तयार करण्याचे प्रत्येक कार्य पारखले जाते. गरजा कशा लिहिल्या जातात, बदल कोण मंजूर करतो, चाचणी कशाच्या आधारे होते, हे कागदपत्रे पाहून व काम करणाऱ्यांशी बोलून ठरविले जाते. प्रत्येक कार्यास शून्य ते पाच अशी पायरी मिळते. काम मुळातच अपुरे असेल तर शून्य. कसेबसे पार पडत असेल तर एक. आखणी व देखरेख असेल तर दोन. सर्व संस्थेत एकच ठरलेली रीत असेल तर तीन. चौथ्या पायरीवर मोजमापाने निष्पत्तीचा अंदाज बांधता येतो आणि पाचवीवर रीतीत सतत सुधारणा चालू असते. सर्वच कार्ये पाचव्या पायरीवर नेण्याचा आग्रह नाही. चूक झाल्यास हानी किती गंभीर होईल, हे पाहून अपेक्षित पायरी ठरते. जेथे तूट अधिक, तेथे सुधारणा आधी आणि नंतर पुन्हा मूल्यमापन.

दप्तर-तपासणीचा अनुभव असलेल्या वाचकांस येथील धोकाही सहज उमगेल. तपासनीस येणार म्हणून नोंदवह्या पूर्ण केल्या, तर पायरी मिळेल. काम सुधारेलच असे नाही. म्हणूनच मूल्यमापनात लेखी पुराव्याबरोबर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचे म्हणणे घेण्यावर भर असतो.

नष्ट झालेल्या चार उपग्रहांच्या जागी नवे चार २००० सालच्या जुलै व ऑगस्टमध्ये कझाकस्तानातील बायकोनूर येथून, रशियाच्या सोयुझ प्रक्षेपकांनी सोडण्यात आले. त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ काम केले.